'जाते' म्हणायचं नाही

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळातली सगळी पोरं जयंती रणनवरेला टरकून असायची. कार्यक्रम संपला की ही बाई हॉलच्या दाराशी उभी. कुणी नुसतं "बाय" म्हणून सटकायला लागलं की त्याचं बखोट धरायची. "काय म्हणायचं?" "येतो, मावशी." "हं. ये." मग सुटका. आमची रुचा, माझी लेक, तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. ती एकदा वैतागून म्हणाली, "ओके मावशी, जाते मी." जयंतीने सरळ तिच्या तोंडावर हात ठेवला. "जाते म्हणायचं नाही! जाते कुणी म्हणायचं, जिला परत यायचं नाही तिने. येते म्हण." रुचा कारमध्ये बसल्यावर माझ्यावर उखडली, "बट आय वॉज लीव्हिंग, आई!" मी म्हटलं, आपल्यात असंच असतं, गप बस.

मी शीला. मूळची नाशिकची. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीची लॅब सांभाळत तीस वर्षं काढली, आता रिटायर झाले. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे, उन्मेष, चारचौघांत सांगतात, आणि ते खरं आहे. जयंतीचं नि माझं जमलं ते त्यामुळेच. ती नगरची, ख्रिस्ती. मंडळात पहिल्यांदा आली तेव्हा एका देशपांडेबाईंनी तिला विचारलं, "अय्या, ख्रिश्चन ना तुम्ही? मग मराठी इतकं छान कसं?" जयंती शांतपणे म्हणाली, "आमच्या घरात तेच बोलतात. तुमचं कशानं बिघडलं?" मी हातातला बटाटेवडा घेऊन उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. त्याला आता पस्तीस वर्षं होत आली.

मिरजेला नर्सिंग शिकलेली, इथे हॉस्पिटलात किडनीच्या वॉर्डात. लोकांना डायलिसिसच्या मशीनला जोडणं आणि ती चार तास तिथे पडून असताना त्यांची तोंडं हसती ठेवणं, हे तिचं आयुष्यभराचं काम. नवरा देवदत्त गेला, मागे मूलबाळ नाही. रिटायर झाली आणि कॉन्डोत एकटी बसायला लागली. मी म्हणायचे, माझ्याकडे ये, आपण ग्रोसरीला जाऊ, भजी करू. पण तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. एक दिवस फोन करून म्हणाली, "शीला, मी उत्तरेला चाललेय. लून नॅरोजला. चर्चला तिथे माणूस हवंय."

अगं, कोण चाललंय कुठे! लून नॅरोज म्हणजे नकाशात निळ्या ठिपक्यांच्या मधे एक काळा ठिपका. इथल्या मूळच्या लोकांची वस्ती. रस्ता नाही. हिवाळ्यात तळी गोठली की त्यावरून महिनाभर ट्रक जातात, एरवी थंडर बे शहरातून छोटं विमान, तेही आकाशाची मर्जी असेल तर. नळाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. एकेका घरात बारा-बारा माणसं. कोवळी पोरं गळ्याला दोर लावून घेतात. आणि तिथे ही जाणार, पासष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना. मी फोनवर तिची खरडपट्टी काढली. "डोकं फिरलंय का तुझं? चर्चच्याच लोकांनी त्यांची पोरं उचलून शाळांमध्ये कोंडली, किती तिकडेच मेली. आता त्याच चर्चची म्हणून तू जाणार? ते तुला ओवाळून घेणार आहेत का?" ती म्हणाली, "नाही घेणार. म्हणूनच जायला हवं." या बाईपुढे बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. गेली ती.

तिथे तिचं काम म्हणजे काय, तर सकाळी चर्चच्या हॉलमध्ये शाळेच्या पोरांसाठी पातेलंभर लापशी. दुपारी बायकांचं शिवणकाम. मग कुणी आजारी असेल त्याच्या उशाशी बसायचं, कुणाला स्लेडवरून नर्सिंग स्टेशनला न्यायचं, आणि मयत. मयती फार. प्रवचन द्यायचा प्रयत्न तिने एकदाच केला. पहिल्या बाकावरच्या म्हातारीने मधेच हात वर केला आणि विचारलं, "ते राहू दे. तू किती दिवस राहणार, ते सांग." जयंतीने बायबल मिटलं आणि सगळ्यांना चहा दिला.

त्या म्हातारीचं नाव डॉरकस. हे नाव ऐकून जयंती चाटच पडली, कारण तिच्या पणजीचं नाव दुर्कस. एकच नाव, आपल्या मराठी बायबलात दुर्कस आणि त्यांच्यात डॉरकस. जयंतीची पणजी मोठ्या दुष्काळात आईबाप मेलेली पोर. मिशनच्या बोर्डिंगात वाढली, लिहायला शिकली, म्हणून पुढे सगळं घर शिकलं. त्यांच्या घरात मिशनची बोर्डिंग म्हणजे देवाची कृपा. जयंतीने हे मोठ्या कौतुकाने त्या म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मलाही हे नाव बोर्डिंगनेच दिलं. आधीचं घेतलं की मारायचे." एवढंच बोलली आणि शिवायला लागली. जयंतीने त्या दिवसापासून तिला दुर्कसबाई म्हणायला सुरुवात केली. का, ते मला विचारू नका, तिलाही सांगता येत नव्हतं. म्हातारीला मात्र ती हाक आवडली.

बाकी बोलणं सगळं इंग्रजीत. पण निघताना जयंतीच्या तोंडून सवयीने "येते" निघायचंच. दुर्कसबाईने एकदा विचारलं, हे काय म्हणतेस? जयंती म्हणाली, "याचा अर्थ, मी येतेय." "पण तू तर निघालीस!" "आमच्यात निघतानाच म्हणतात." म्हातारी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, चर्चचे लोक आम्हांला छान छान गुडबाय म्हणून गेले, येतेय म्हणत जाणारी तू पहिलीच. मग तिने तो शब्द उचलला, आणि तिचं बघून पोरांनी. त्यांच्या जिभेवर त्याचं 'येटे' झालं. लापशी खाऊन पोरं हॉलच्या दारातून पळायची ती "येटे! येटे!" ओरडत. जयंतीने फोन दाराकडे धरून मला ते ऐकवलं. हॅमिल्टनच्या पोरांनी इतकी वर्षं जे नाक मुरडत म्हटलं, ते तिकडची पोरं हौसेनं म्हणत होती.

तिला तिकडे जाऊन चार वर्षं झाली त्या सप्टेंबरात मी तिकडे गेले. मंडळाच्या बायकांनी जुन्या जॅकेटांचं गाठोडं दिलं होतं, आणि "आदिवासींसाठी" म्हणून डबाभर शंकरपाळे. जयंतीच्या स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी धडधडत होती आणि तिथे खुर्चीत दुर्कसबाई, पंचाहत्तरीची, पायांवर सूज, एका कानाने बहिरी. शंकरपाळा तोंडात टाकून म्हणाली, "हे तर आमच्या तळलेल्या पावाचं पोर." मग डबा मांडीवर घेऊन बसली, तो काही कुणाला परत मिळाला नाही.

त्या दुपारी तिने मला तिच्या भावाची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. सायमन त्याचं नाव, तिच्याहून धाकटा. दोघं एकाच विमानातून शाळेत नेलेले. उन्हाळ्यात तळ्यांवरचा बर्फ गेला की विमान पोरांना घरी न्यायला यायचं. त्या वर्षी या दोघांना कोट घालून बाकावर बसवलं, विमान येतंय म्हणून सांगितलं. तेवढ्यात शाळेतल्या एका सिस्टरने, म्हणजे ननने, हिला लाँड्रीत चादरी पिळायला बोलावलं. भाऊ भ्यायला, तिच्या मागोमाग आला. दोघं परत आली तेव्हा बाक रिकामा होता, विमान उडालेलं. पुढचा उन्हाळा यायच्या आत सायमन खोकून खोकून मेला. कुठे पुरला ते कुणी सांगितलं नाही. "हलायला नको होतं," ती म्हणाली. "कुणी येतेय म्हणालं की बसल्या जागेवरून हलायचं नाही." मी उठून शेगडीत लाकूड घातलं.

मी तिथे असतानाच तिच्या रक्ताचे रिपोर्ट आले. दोन्ही किडन्या संपल्या होत्या. डायलिसिस थंडर बेला, आठवड्यातून तीनदा, म्हणजे घर सोडून कायमचं तिकडेच राहायचं. म्हातारी म्हणाली, मी एकदा विमानात बसले तेवढं पुरे. तिची लेक रूबी, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, पदरी चार पोरं, जयंतीसमोर येऊन रडली. तूच समजाव, तुझं ऐकते ती. आणि जयंतीने समजावलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. पायाशी बसून, तिचे सुजलेले पाय चोळत, "दुर्कसबाई, मी तीस वर्षं हेच केलंय. मशीनवरची माणसं दहा-दहा वर्षं नातवंडं खेळवतात."

"कुठे खेळवतात? तिथे की इथे?"

जयंतीने तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला. मग म्हणाली, "जिवंत तर असतात."

म्हातारीने रूबीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "जाईन. पण पुरे झालं असं मी म्हणेन तेव्हा मला परत आणायचं. जिवंत. आमची सगळी माणसं विमानातून खोक्यात घालून येतात. मला खोक्यातून यायचं नाही. मला माझ्या शेगडीशेजारी मरायचंय."

"आणीन. बायबलवर हात ठेवून सांगू?"

"त्याच्यावर नको. नुसतं सांग."

"आणीन," जयंती म्हणाली.

आम्ही तिघी एकाच विमानाने थंडर बेला आलो. पूर्ण वेळ म्हातारीने डोळे मिटलेले, जयंतीची बाही मुठीत. निघताना धावपट्टीवर सगळी पोरं जमली होती आणि "येटे" ओरडत होती, पण ते तिला त्या पंख्यांच्या आवाजात ऐकू आलं नसावं.

बाहेरगावच्या पेशंटसाठी तिथे एक हॉस्टेल आहे. स्वच्छ, गरम, टीव्ही लावलेला. तिथे तिची खोली. व्हॅन यायची, मशीनवर न्यायची, परत आणून सोडायची. जयंती महिन्याकाठी येऊन जायची, रूबीला तेवढंही जमायचं नाही. नाताळ गेला. म्हातारी जेवेना. हातावर सुयांच्या जागी काळेनिळे डाग. फोनवर जयंती मला आकडे सांगायची, पोटॅशियम इतकं, क्रिएटिनिन तितकं, सगळं छान आहे म्हणायची. मी विचारलं, "आणि ती?" तर पुन्हा पोटॅशियमचाच आकडा.

फेब्रुवारीत मीच थंडर बेला गेले. जयंतीसाठी गोडा मसाला आणि लोकरीचे मोजे घेऊन, ती तिकडून आली, मी इकडून. हॉस्टेलच्या लॉबीत दुर्कसबाई बसली होती. सप्टेंबरातली बाई निम्मी झाली होती. तिने मला ओळखलं, "शंकरपाळेवाली" म्हणाली. ते "शांकापाली" असं काहीतरी होतं. मग जयंतीकडे वळून म्हणाली, "पुरे झालं."

जयंती भांडली. हो, भांडलीच. अजून औषध बदलून बघू, वसंतात बरं वाटेल, रूबीचा विचार कर. म्हातारी नुसती मान हलवत राहिली. शेवटी जयंतीने चष्मा काढला, डोळे पुसले आणि कामाला लागली. सकाळभर फोनच फोन. डॉक्टर म्हणाले, तिची इच्छा असेल तर हरकत नाही, मशीन थांबवलं की आठवडा, फार तर दोन. शुक्रवारी चार्टर विमान मिळणार. तोपर्यंत डायलिसिस चालू ठेवायचं, म्हणजे घरी चार बरे दिवस मिळतील. जयंतीने त्याच दुपारच्या विमानाने पुढे जायचं, शेगडीशेजारी पलंग लावायचा, नर्सिंग स्टेशनमधून दुखण्याची औषधं आणून ठेवायची, आणि शुक्रवारी त्याच चार्टरने येऊन हिला न्यायचं. अगदी पक्कं झालं. माझंही परतीचं विमान त्याच दुपारचं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी हॉस्टेलच्या मशीनमधून तिघींसाठी त्या भिकार गरम चॉकलेटचे पेले घेतले.

टॅक्सी आली. जयंतीने म्हातारीसमोर गुडघे टेकून सगळं पुन्हा एकदा सांगितलं, बऱ्या कानाशी. शुक्रवार. पलंग. विमान. म्हातारी मान डोलवत होती, पण रक्तात घाण साठली की माणसाला मधलं मधलं कळतं आणि मधलं मधलं सुटतं, हे जयंतीला माझ्याहून चांगलं माहीत होतं. म्हणून तर ती सगळं सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी दार धरून उभी, बाहेरचा गारठा आत येत होता. जयंती उठली, म्हातारीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "ओके, दुर्कसबाई. आय ॲम कमिंग नाऊ."

"नाऊ?" म्हातारीने विचारलं.

"येस, येस. नाऊ," जयंती म्हणाली, आणि आम्ही निघालो.

माझ्या कानाला काही खटकलं नाही. कशाला खटकेल? चल, येते आता. आपण दहा वेळा म्हणतो दिवसातून. मराठीत म्हणाली असती तर म्हातारीलाही काही वाटलं नसतं, हसून "येटे" म्हणाली असती ती. नेमकं त्या दिवशी, तिला नीट कळावं म्हणून, जयंतीने ते इंग्रजीत सांगितलं.

पुढचं मला जयंतीने सांगितलं आणि तिला हॉस्टेलच्या मुलीने. आमची टॅक्सी वळली असेल नसेल, म्हातारीने काउंटरवरच्या मुलीला खोलीतून कोट आणि बूट आणायला लावले. कोट घातला, बूट घातले, टोपी घातली, आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली. जेवायला उठली नाही. मुलीला वाटलं हवा खायची असेल. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी डायलिसिसची व्हॅन आली तर म्हणाली, "नाही. जयंती येतेय. ती आत्ताच म्हणाली." नर्स आली, तिने समजावलं, की आज मशीन चुकलं तर जिवावर बेतेल, विमान शुक्रवारी आहे, आज नाही. म्हातारी म्हणाली, "मी हलले की विमान जातं." तिच्या मर्जीविरुद्ध तिला उचलून नेणार कसं? आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या चांगल्या बायका होत्या. त्यांनी तिच्या पायांवर ब्लँकेट टाकलं, तिथेच सूप आणून दिलं. त्यांनी लून नॅरोजला फोन लावले. पुन्हा लावले. फोन लागेना.

कारण तिकडे जयंती पोहोचली आणि पाठोपाठ वादळ. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद, धावपट्टी बर्फाखाली. जयंतीला त्याची फारशी फिकीर नव्हती, शुक्रवारपर्यंत निवळेल असं सगळे म्हणत होते. ती आणि रूबी दारातला बर्फ फावड्याने काढून पलंग आत घेत होत्या. शेगडीची राख काढली. म्हातारीच्या आईची गोधडी होती ती वाळवली. पोरांनी भिंतीवर रंगीत कागद चिकटवले. जयंती सांगते की इतकं हसणं त्या घरात तिने कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारी खुर्चीतच झोपली, खुर्चीतच उठली. दार उघडलं की मान वर करायची. गुरुवारी सकाळी पुन्हा व्हॅन आली, पुन्हा नाही म्हणाली. ती गेल्यावर थोड्याच वेळाने तिची मान छातीवर पडली. काउंटरवरच्या मुलीला वाटलं डुलकी लागली. पोटॅशियम वाढलं की हृदय असंच थांबतं, गाजावाजा न करता. जयंतीनेच मला सांगितलं हे, शिकवल्यासारखं, फोनवर, एकदम सपाट आवाजात.

त्या दिवशी दुपारी फोन सुरू झाले. जयंतीचा पहिला फोन हॉस्टेललाच. दुर्कसबाईला सांगायचं होतं की पलंग लागलाय, खिडकीतून तळं दिसतं. त्या मुलीने सगळं सांगितलं आणि शेवटी रडत विचारलं, "ती म्हणत होती तुम्ही लगेच येताय. तुम्ही कुठे होता?"

शुक्रवारी आकाश स्वच्छ निळं. चार्टर ठरल्याप्रमाणे आलं. त्यातून खोकं नेलं.

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. वादळावर काढू? त्या चादरी पिळायला लावणाऱ्या सिस्टरवर काढू, जिची हाडंसुद्धा आता उरली नसतील? उन्मेषवर काढला. ते बिचारे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "शीला, पण ती चुकीचं काय बोलली?" तेच तर ना. चुकीचं काहीच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी जयंती हॅमिल्टनला आली. मला वाटलं परत आली. चर्चने लून नॅरोजचं ते काम बंद करायचं ठरवलं होतं, माणसं मिळत नाहीत म्हणून. मी गेस्टरूम आवरून ठेवली, पुरणपोळ्या केल्या. ती जेवायला बसली आणि एका पोळीचे तुकडे करत राहिली. तिने कॉन्डो विकायला काढला होता. सामान वाटून टाकायला आली होती ती.

"जमीन गोठलेली होती," ती म्हणाली. "खड्डा खणायला दोन दिवस शेकोटी पेटवून ठेवली तिथे. सगळं गाव आलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, शीला. एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरात कोंडून घेतलं. मग एक दिवस रूबी आली. मी म्हटलं, चर्च मला परत बोलावतंय, मी आता तुम्हांला तोंड दाखवणार नाही. ती म्हणाली, तू माझ्या आईला येतेय म्हणाली होतीस ना? मग ये. आईची खोली रिकामी आहे. आणि माझ्या पोरांना सांग, ती खुर्चीतून का उठली नाही. मला सांगता येत नाही, तूच सांग."

"मग सांगितलंस?"

"सांगते आहे. रूबीची धाकटी रोज विचारते. रोज नव्याने सांगते."

मी चिडले. म्हणजे घाबरले, पण माझं घाबरणं चिडण्यासारखंच दिसतं. "अगं, सत्तरीला आलीस. गुडघे गेलेत. तुला उद्या काही झालं तर तुला कोण थंडर बेला नेणार?" ती म्हणाली, "कुणी नाही. मी रूबीला सांगून ठेवलंय, मला कुठे न्यायचं नाही." आणि तिने ती पोळी एकदाची तोंडात घातली.

"पोरं अजून येटे म्हणतात का गं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणतात. मी मान हलवते. तोंडातून शब्दच निघत नाही."

आठवड्याभरात सगळं सामान वाटून झालं आणि तिला विमानतळावर न्यायला गाडी आली. रुचा मुद्दाम ब्रॅम्पटनहून आली होती, तिच्या मुलाला घेऊन. जयंतीने त्याला पोटाशी धरलं. मग दाराशी वाकून बूट घालायला लागली, गुडघ्यांमुळे वेळ लागत होता. मी तिची बॅग धरून उभी होते आणि ती काय म्हणते याची वाट बघत होते. पस्तीस वर्षं याच दारात, याच पायपुसण्यावर उभी राहून तिने तो शब्द म्हटला होता, माझ्या पोरीला तोंडावर हात ठेवून शिकवला होता.

ती सरळ उभी राहिली. माझ्या हातातून बॅग घेतली.

"जाते, शीला," ती म्हणाली.

रुचाने चमकून माझ्याकडे बघितलं. माझा हात वर उठला, तिच्या तोंडावर ठेवायला, पण मधेच थांबला. जयंती पायऱ्या उतरून गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारातून "ये गं, ये" ओरडत राहिले. तिने काच खाली घेतली नाही.